दुबळ्या हाताला काम हवे

व्यापारी कुटुंबात उजव्या हाताला एक स्वतंत्र प्रतिष्ठा असते. दिवाळीच्या वहीपूजनात नव्या वहीवर पहिले अक्षर तो उमटवतो, तराजूचा काटा स्थिरावेपर्यंत पारड्यात दाणा दाणा तो टाकतो, धनादेशावर सही तो करतो. पेढीवरच्या सर्वांत विश्वासू मुनिमालाही मालकाचा ‘उजवा हात’ म्हणण्याची रीत आहे. असा हात पक्षाघाताने मांडीवर निश्चल पडला, की चाळीस वर्षे ज्याच्या शब्दावर दुकान चालले, त्या माणसाचे घरातले आणि पेठेतले स्थानच एका सकाळीत अनिश्चित होऊन जाते.

पक्षाघात म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक तुटणे. बहुतेकांच्या बाबतीत रक्तवाहिनीत गुठळी अडकते. काहींच्या बाबतीत वाहिनी फुटून रक्तस्राव होतो. गुठळीचा झटका असेल आणि रुग्ण वेळेत, म्हणजे साडेचार तासांच्या आत, योग्य रुग्णालयात पोहोचला तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते. ही माहिती आता पुष्कळ घरांत पोहोचली आहे. मात्र जीव वाचल्यानंतरच्या वर्षाविषयी, म्हणजे पुनर्वसनाविषयी, फार थोडे बोलले जाते. त्या वर्षात औषधांइतकेच महत्त्व घरच्यांच्या वागण्याला असते. आणि नेमकी तिथेच प्रेमळ, संपन्न व सेवाभावी कुटुंबांकडून एक चूक सहज घडते. रुग्णाचे सारे काम ते स्वतःच्या हाती घेतात.

नगर जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावी धान्य-किराण्याचा व्यवसाय करणाऱ्या एका गृहस्थांच्या बाबतीत असेच घडले. घरी आणि पेठेत सर्वजण त्यांना बाबूजी म्हणत. वय ६८. रक्तदाबाची गोळी ‘आता बरे वाटते’ म्हणून अधूनमधून सुटत असे. एका सकाळी चहाचा कप हातातून निसटला, तोंड एका बाजूला ओढले गेले आणि ‘काय झाले?’ या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी त्यांनी तोंड उघडले तेव्हा शब्दच फुटला नाही. धाकट्या मुलाने वेळ न दवडता गाडी काढली. दोन तासांत उपचार सुरू झाले आणि जीव वाचला. झटका मेंदूच्या डाव्या बाजूला होता. शरीराच्या उजव्या बाजूचे नियंत्रण मेंदूची डावी बाजू करते आणि बहुतेक माणसांच्या भाषेचे केंद्रही तिथेच असते. त्यामुळे उजवा हात, उजवा पाय आणि वाणी ही तिन्ही एकदम गेली.

पुनर्वसन घरी गेल्यावर सुरू होते, असा समज आहे. वास्तविक ते रुग्णालयातील पहिल्या दोन-तीन दिवसांतच सुरू होते. दुसऱ्या दिवशी भेटीला आलेल्या एका वडीलधाऱ्या नातलगाने प्रेमाने चमचाभर पाणी बाबूजींच्या ओठांशी नेले, तेव्हा परिचारिकेने त्यांचा हात धरून थांबवले. पक्षाघातानंतर अनेकांची गिळण्याची क्रिया बिघडलेली असते. पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरले तर फुप्फुसात जंतुसंसर्ग होतो आणि तोच पुढे जिवावर बेततो. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय रुग्णाच्या मुखात थेंबही जाऊ नये, हा नियम कठोर वाटला तरी दयेचाच आहे. दुसरा नियम खांद्याचा. दुबळ्या हाताला धरून रुग्णाला ओढून उठवले तर सैल झालेला खांदा निखळतो आणि महिनोन् महिने दुखत राहतो. उठवायचे ते पाठीला आणि कमरेला आधार देऊन.

घाईचाही प्रश्न आहे. ‘जितक्या लवकर चालवाल तितके बरे’ असे अनेक जण सांगतात. पाच देशांतील २१०४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या चोवीस तासांतच रुग्णांना वारंवार आणि अधिक वेळ अंथरुणाबाहेर काढून पाहिले गेले. तीन महिन्यांनंतर त्यांची स्थिती नेहमीच्या पद्धतीने हळूहळू उठवलेल्या रुग्णांपेक्षा किंचित वाईटच आढळली. लवकर सुरुवात हवी. पण पहिल्या दिवशीचे प्रमाण तज्ज्ञांनीच ठरवायला हवे, हा त्याचा अर्थ.

बारा दिवसांनी बाबूजी घरी आले आणि सेवेला आरंभ झाला. तळमजल्यावरची खोली रिकामी करून तिथे रुग्णालयातल्यासारखा पलंग आणला. दिवसपाळीला एक माणूस ठेवला, रात्रपाळीला दुसरा. पत्नी स्वतःच्या हाताने घास भरवू लागल्या. नाभिक घरी येऊन दाढी करून जाई. सुनेने सदऱ्याच्या गुंड्या काढून तिथे चिकटणाऱ्या पट्ट्या शिवल्या. बाबूजींनी डावा हात पाण्याच्या तांब्याकडे नेला, तरी तीन हात एकदम पुढे येत. “बाबूजी, राहू द्या, मी देतो,” हे वाक्य त्या घरात दिवसातून कितीदा उच्चारले जाई याची गणती नव्हती. भेटीला येणारे मुलांचे तोंड भरून कौतुक करीत, आणि ते कौतुक खोटे नव्हते.

तीन महिन्यांत पाय पुष्कळ सुधारला. काठीच्या आणि घोट्याला बांधलेल्या आधारपट्टीच्या साहाय्याने बाबूजी अंगणापर्यंत जाऊ लागले. हात मात्र होता तिथेच राहिला. बोटे किंचित हलत, मनगट थोडेसे उचलले जाई, पण त्या हाताने काहीही केले जात नव्हते. पायाला पर्याय नसतो, चालायचे तर दोन्ही पाय लागतात. हाताचे तसे नाही. उजवा हात थांबला की डावा हात आणि घरातले इतर हात त्याचे काम परस्पर वाटून घेतात.

आठवड्यातून तीनदा येणाऱ्या तरुण फिजिओथेरपिस्ट बाईंनी एके दिवशी व्यायाम न घेता नुसते एका कोपऱ्यात बसून पाहण्याची परवानगी मागितली. सकाळी आठपासून दुपारच्या जेवणापर्यंत त्या बसल्या. नंतर त्यांनी घरच्यांना एकच आकडा सांगितला. त्या पाच तासांत बाबूजींचा उजवा हात एकदाही वापरला गेला नव्हता. “काकू, मी अर्धा तास व्यायाम घेते. उरलेले साडेतेवीस तास हा हात सुट्टीवर असतो. तो कशासाठी सुधारेल?” असे त्यांनी विचारले. खोलीत काही वेळ कोणी बोलले नाही.

त्यांच्या प्रश्नामागे अर्धशतकाचे संशोधन होते. एडवर्ड टॉब या अमेरिकी शास्त्रज्ञाने असे मांडले, की मेंदूला इजा झाल्यानंतरच्या पहिल्या काळात रुग्ण दुबळा हात वापरून पाहतो, अपयशी होतो आणि हळूहळू तो न वापरण्याची सवय मेंदूच शिकून घेतो. पुढे हातात थोडीफार शक्ती परतली, तरी ती सवय कायम राहते. टॉब यांनी तिला ‘शिकलेला अनुपयोग’ असे नाव दिले. उपाय त्या निदानातच होता. चांगला हात दिवसातला बराच वेळ जाड मोज्यात बंद करून ठेवायचा आणि सगळे काम दुबळ्या हाताकडून करवून घ्यायचे. अमेरिकेतील सात केंद्रांवर २२२ रुग्णांमध्ये या पद्धतीची कसोटी घेण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. झटक्यानंतर तीन ते नऊ महिने उलटलेले हे रुग्ण होते आणि उपचार अवघा दोन आठवड्यांचा होता. तरी त्याचा लाभ वर्षानंतरही टिकून राहिला. मनगट आणि बोटे थोडी तरी उघडता येणाऱ्यांनाच ही पद्धत लागू पडते. ज्यांचा तोल डळमळीत आहे, त्यांचा चांगला हात बांधून ठेवणे धोक्याचे ठरते. म्हणून ती तज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून घरी करायची नाही.

या ज्ञानाची एक बाजू अहिंसेचा संस्कार लाभलेल्या वाचकाला अस्वस्थ करील. टॉब यांचे मूळ प्रयोग माकडांच्या हातांच्या संवेदना शस्त्रक्रियेने तोडून केलेले होते. १९८१ मध्ये अमेरिकेतील सिल्व्हर स्प्रिंग येथील त्यांच्या प्रयोगशाळेतून पोलिसांनी सतरा माकडे ताब्यात घेतली, खटला उभा राहिला आणि त्या प्रकरणाने प्रयोगशाळेतील प्राण्यांविषयीचे अमेरिकी कायदे कडक होण्यास मोठी चालना दिली. त्या मुक्या जीवांच्या वेदनेचा विसर पडू नये. ज्या रुग्णाच्या हाती आज हे ज्ञान आले आहे, त्याने ते आळसाने वाया घालवू नये, एवढे तरी त्यातून निश्चित होते.

व्यायामाच्या प्रमाणाविषयीही अशीच एक डोळे उघडणारी नोंद आहे. अमेरिका आणि कॅनडातील पुनर्वसन केंद्रांत प्रत्यक्ष बसून केलेले एक निरीक्षण २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात हाताच्या उपचाराच्या एका बैठकीत रुग्ण कामाच्या हालचाली सरासरी केवळ ३२ वेळा करतो, असे आढळले. मेंदूत नवे मार्ग तयार होण्यासाठी शेकडो आवर्तने लागतात. एवढी आवर्तने कोणत्याही दवाखान्यातल्या अर्ध्या तासात बसणार नाहीत; ती घरच्या आणि दुकानाच्या कामातच सापडतात.

बाईंनी याच्या समर्थनार्थ घरच्यांना एक खरी हकिकत सांगितली. पेद्रो बाख-इ-रीता हे न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये शिकवणारे, मूळचे कॅटलोनियाचे कवी व विद्वान. १९५९ च्या सुमारास, पासष्टीच्या वयात, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. अर्धे अंग लुळे पडले, वाणी गेली. चार आठवडे उपचार होऊनही फरक पडला नाही, तेव्हा आणखी प्रयत्नांत अर्थ नाही, असा सल्ला मिळाला. त्यांचा मुलगा जॉर्ज तेव्हा मेक्सिकोत वैद्यकशास्त्र शिकत होता. त्याने वडिलांना आपल्या घरी नेले. पुनर्वसनाचे कोणतेही शास्त्र त्याला ठाऊक नव्हते. त्याने फक्त असा विचार केला, की मूल चालण्याआधी रांगते, तेव्हा वडिलांनीही रांगण्यापासून सुरुवात करावी. भिंतीच्या आधाराने रांगणे, मग बागेत रांगणे, जमिनीवरच्या गोट्या दुबळ्या हाताने पकडणे, दुबळ्या हाताने भांडी घासणे, तीही आधी पंधरा मिनिटे एका दिशेने गोल, मग पंधरा मिनिटे उलट दिशेने. शेजाऱ्यांनी नावे ठेवली. एका वृद्ध प्राध्यापकाला जनावरासारखे रांगायला लावणे त्यांना अशोभनीय वाटले. वर्षभराच्या या परिश्रमानंतर पेद्रो पुन्हा महाविद्यालयात शिकवू लागले. काही वर्षांनी कोलंबियात डोंगर चढत असताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात असे दिसले, की मेंदूकडून मज्जारज्जूकडे जाणाऱ्या तंतूंचा फार मोठा भाग झटक्याने जो नष्ट झाला, तो कधी भरून आलाच नव्हता. उरलेल्या थोड्या तंतूंनी आणि मेंदूच्या शाबूत भागांनी ते काम शिकून घेतले होते. पेद्रो यांचा दुसरा मुलगा पॉल पुढे मेंदूच्या या घडणक्षमतेच्या संशोधनातील एक अग्रणी ठरला.

सर्वांनाच इतके यश मिळते, असे नाही. इजा किती मोठी, ती कुठे झाली, वय काय, इतर आजार कोणते, यांवर पुष्कळ अवलंबून असते. सर्वाधिक सुधारणा साधारणतः पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते. त्यानंतरही ती थांबत नाही, तिची गती मंदावते एवढेच. सहा महिने उलटले म्हणून आशा सोडणाऱ्या घराने पेद्रो यांचे ते एक वर्ष आठवावे.

बाबूजींसाठी कामाची यादी ठरली ती दुकानातूनच. किलोभर तूरडाळ आणि एक पत्र्याचे माप समोर ठेवायचे. डाळ एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात मापाने ओतायची. मिसळलेली एक, दोन, पाच आणि दहा रुपयांची नाणी वेगळी करायची. जुन्या वहीची पाने एकेक करून उलटायची. कागदाची पुडी बांधून तिला दोरा गुंडाळायचा. गल्ल्यावरची फळी फडक्याने गोल गोल पुसायची. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड केला, म्हणजे सैल मुठीतही तो टिकेल. आरशाची साधी युक्तीही त्यात होती. दोन हातांच्या मध्ये आरसा उभा ठेवायचा आणि चांगला हात हलवत आरशात पाहायचे. मेंदूला दुबळाच हात हलल्याचा भास होतो आणि त्याला चालना मिळते. भारतीय वंशाचे मेंदूतज्ज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी ही युक्ती १९९० च्या दशकात, गमावलेल्या अवयवात जाणवणाऱ्या वेदनेसाठी शोधली आणि पुढे ती पक्षाघाताच्या रुग्णांसाठीही वापरात आली. खर्च एका आरशाचा.

खरी अडचण यादीची नव्हती, मनाची होती. मोठ्या मुलाला हे मुळीच रुचले नाही. ज्यांच्या समोर उभे राहून बोलायची कोणाची छाती नव्हती, त्या वडिलांना परातीपुढे बसवून डाळ उपसायला लावायची. उद्या कोणी व्यापारी भेटीला आला आणि त्याने हे पाहिले तर? “लोक म्हणतील, बापाला कामाला जुंपले,” असे तो म्हणाला. पत्नीचे दुःख आणखी निराळे होते. घास भरवणे ही त्यांची त्या दिवसांतली एकमेव ठेव होती, आणि आता ते जाड दांड्याच्या चमच्याने सांडत-लवंडत स्वतः जेवणार म्हणजे समोर बसून नुसते पाहायचे. पहिल्या दिवशी निम्मा भात ताटाबाहेर गेला. बाबूजींनी चमचा फेकला आणि ते रडले. त्या रात्री घरात कोणी नीट जेवले नाही.

या रडण्याकडे दुर्लक्ष होऊ नये. पक्षाघाताच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते. ते स्वभावाचा दोष नसून आजाराचाच भाग असते आणि त्यावर औषधोपचार आहेत. ‘मन खंबीर ठेवा’ एवढा उपदेश त्यास पुरत नाही. बाबूजींच्या बाबतीत डॉक्टरांनी औषध सुरू केले. तीन-चार आठवड्यांनी त्यांनी स्वतः होऊन डाळीचे माप पुढे ओढले. धाकट्या मुलाने त्यांच्यासमोर एक वही ठेवली आणि रोज किती मापे झाली, याची नोंद तो करू लागला. पहिल्या दिवशी अकरा. महिनाअखेरीस दोनशेच्या पुढे. हिशेबाची वही पाहण्याची सवय आयुष्यभर लागलेल्या माणसाला चढता आकडा कळतो.

वाणीच्या बाबतीत एक वेगळाच प्रसंग घडला. ज्यांना साधे ‘पाणी’ म्हणता येत नव्हते, ते बाबूजी एका पहाटे नवकार मंत्र अखंड म्हणू लागले. घरात आनंदीआनंद झाला. वाचा परतली, असे सर्वांनी मानले. थोड्या वेळाने चहा हवा का, असे विचारले तर पुन्हा शब्द सापडेना. वाचा-उपचार तज्ज्ञांनी याचा उलगडा केला. लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेले पाठांतर, आकड्यांची ओळ, वारांची नावे, तालासुरातले शब्द हे मेंदूत निराळ्या वाटेने येतात. मनातला विचार शोधून त्याला शब्द देणे हे वेगळे काम आहे आणि ते डाव्या बाजूच्या इजा झालेल्या भागाकडे असते. त्यामुळे पाठांतर येते म्हणून रुग्ण हट्टाने बोलत नाही, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होय. उलट त्याच वाटेचा उपयोग करून घेता येतो. रोजच्या गरजेची छोटी वाक्ये ठेका धरून, स्वर लावून म्हणवून घेण्याची पद्धत अमेरिकेत १९७० च्या दशकात तयार झाली आणि काही रुग्णांना तिने बोलते केले.

बाबूजींच्या घरात मारवाडी बोलली जाई, गल्ल्यावर मराठी आणि मोठ्या व्यापाऱ्यांशी हिंदी. अनेक भाषा जाणणाऱ्या रुग्णाची कोणती भाषा आधी परतेल याविषयी दोन जुनी मते आहेत. बालपणीची भाषा आधी येते, असे रिबो यांचे. आजाराच्या काळात सर्वाधिक वापरात असलेली आधी येते, असे पित्र यांचे. दोघेही एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच अभ्यासक. प्रत्यक्षात दोन्ही प्रकार आढळतात. बाबूजींच्या बाबतीत आधी आले ते मराठी आकडे आणि मालाची नावे. ‘साखर’, ‘पावशेर’, ‘बावीस’. पत्नीला क्षणभर वाईट वाटले, मग हसू आले. चाळीस वर्षे ज्या भाषेत दिवस गेला, ती आधी परतली.

इथे व्यवहाराचा एक मुद्दा व्यापारी कुटुंबांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. उजवा हात गेला म्हणजे सही गेली, आणि सही गेली म्हणजे खाते अडकले, ही भीती घरोघरी असते. सही न करू शकणाऱ्या आजारी खातेदारासाठी रिझर्व्ह बँकेने मार्ग ठरवून दिलेला आहे. अंगठ्याचा, तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. मात्र बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी तो ओळखावा लागतो आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. ठसाही उमटवता येत नसेल तर खुणेवर काम भागते. रुग्णाची जुनी सही गिरवून धनादेश पाठवणे हा मात्र उपाय नव्हे, अपराध आहे. कुलमुखत्यारपत्राविषयीही गैरसमज असतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार मालकाची बुद्धी विकल झाली की मुखत्यारी संपते. परंतु शब्द न सापडणे म्हणजे बुद्धी जाणे नव्हे. बोलता येत नसलेला माणूस पुष्कळदा सर्व काही समजत असतो. त्याच्यासमोर त्याच्याच पैशांची चर्चा तो नसल्यासारखी करणे, ही पक्षाघाताहूनही मोठी इजा ठरते. बाबूजींच्या घरी महिन्याचा हिशेब पुन्हा त्यांच्यासमोर वाचला जाऊ लागला. चुकीच्या आकड्यावर ते टेबलावर बोट आपटीत आणि ते बोट उजव्या हाताचे असावे, अशी बाईंची अट होती.

व्रत-नियमांचा विचारही त्या वर्षात करावा लागला. पर्युषणात उपवास करण्याचा बाबूजींचा पन्नास वर्षांचा क्रम होता. रक्त पातळ ठेवणाऱ्या, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना निर्जल उपवासाने शरीरातील पाणी आणि साखर घटली, तर दुसऱ्या झटक्याला निमंत्रण मिळू शकते. रात्रीच्या गोळ्या सूर्यास्तापूर्वी घेता येतील का, हे डॉक्टरांना विचारून ठरवता येते. त्यांना न सांगता गोळीच टाळणे धोक्याचे आहे. उपवास घडले नाहीत, त्या आठ दिवसांत बाबूजींनी सामायिकाचा नेम तेवढा पाळला, ४८ मिनिटे पाठीला आधार न घेता बसून. बाईंच्या दृष्टीने तो धडाचा तोल सुधारणारा उत्तम सरावही होता.

एवढ्यावरून कोणी असे समजू नये, की प्रेम आणि घरगुती कामे असली म्हणजे तज्ज्ञांची गरज नाही. भारतातच १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कुटुंबातील एका व्यक्तीला थोडे प्रशिक्षण देऊन घरीच पुनर्वसन करवून घेतले गेले. सहा महिन्यांनी या रुग्णांची स्थिती नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा काही सरस आढळली नाही. घरच्यांचे काम तज्ज्ञाची जागा घेण्याचे नाही. कोणती हालचाल, किती वेळा, कोणत्या पायरीवर, हे तज्ज्ञाने ठरवावे, दर काही दिवसांनी तपासून बदलावे. आणि ते शेकडो वेळा घडेल असा दिवस घराने रचावा. दोघांपैकी एकाने हात आखडता घेतला तर दुसऱ्याचे श्रम फुकट जातात.

सेवा करणाऱ्यांच्या प्रकृतीचाही विचार व्हायला हवा. बाबूजींच्या पत्नीला सहाव्या महिन्यात पाठदुखीने अंथरूण धरावे लागले, तेव्हा कुठे घरच्यांच्या ध्यानात आले की त्या रात्रीत चार-चारदा उठत होत्या. त्यानंतर दोन्ही सुना, मुलगे आणि नातवंडे यांच्यात वेळा वाटून देण्यात आल्या. नातवाकडे नाण्यांचा खेळ आला. तो खेळात जिंकण्यासाठी खेळे, आजोबांना मुद्दाम जिंकू देत नसे, आणि म्हणून ते काम बाबूजींना सर्वांत प्रिय झाले.

दीड वर्षानंतरची स्थिती अशी आहे. उजवा हात पूर्ववत झालेला नाही, होणारही नाही. बारीक अक्षर येत नाही; गुंडी लावायला वेळ लागतो. पण चमचा तोंडापर्यंत जातो, दाढी स्वतःची स्वतः होते आणि नवी, वाकडी सही बँकेने नमुना म्हणून नोंदवून घेतली आहे. बोलताना मधले शब्द हरवतात, तरी भाव विचारला तर उत्तर येते. रोज सकाळी दहा ते बारा बाबूजी दुकानात बसतात. मोठ्या मुलानेच ती बैठक गल्ल्याजवळ करून दिली. कोणी व्यापारी आला तर तो आता वडिलांच्या हातातले माप लपवीत नाही.

रुग्णालयातून रुग्णाला घरी नेताना औषधांची चिठ्ठी प्रत्येकजण जपून घेतो. त्याच वेळी डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना आणखी एक यादी मागावी. या माणसाने उद्यापासून स्वतः काय काय करायचे? आधी एक घास, एक गुंडी, एक माप. पुढच्या आठवड्यात दोन. आणि त्याला ते करायला दहा मिनिटे लागणार असतील तर घरच्यांनी ती दहा मिनिटे समोर बसून राहावे, हात पुढे न करता. बाबूजींच्या दुकानात अर्धा किलो डाळ मागणाऱ्या ओळखीच्या ग्राहकाला ती आता थोड्या उशिराने मिळते. माप थरथरते, चार दाणे फळीवर सांडतात, पुडीला दोरा दोनदा गुंडाळावा लागतो. ग्राहक थांबतो.